मग जाताच कशाला?

सात महिने परदेशात राहून आल्यावर पहिले पंधरा दिवस आम्ही लोकांना फोटो दाखवले. दहाव्या फोटोला समोरच्याला जांभई यायची आणि पंधराव्याला काहीतरी अर्जंट काम आठवायचं. मग फोटो बंद केले आणि नुसते किस्से सांगायला लागलो. आता लोकच चहा टाकून बोलावतात! किस्से म्हणजे भज्यांचा घाणा. एक संपेस्तोवर दुसरा तळून तयार. त्यातले थोडे इथे काढून ठेवते, कारण आमच्या चौघांत प्रत्येक जण तोच किस्सा वेगळा सांगतो आणि त्यातला माझाच तेवढा खरा असतो.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. एक मी, सुमन. कर्जतमध्येच एका दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते. दुसरे आमचे हे, अशोक. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, पण बँकरचे. कर्जतहून घाट चढताना गाडीला मागून जी जादा इंजिनं लावतात, त्यांना आमच्याकडे बँकर म्हणतात. गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत न्यायची, तिथे सोडायची आणि रिकामं खाली यायचं. तिसरे बाळूशेठ, ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांची भाताची गिरणी आणि तांदळाचं दुकान. चौथ्या त्यांच्या मिसेस, रंजनावहिनी.

रिटायर झाल्यावर हे एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "सुमन, तेहतीस वर्षं मी लोकांच्या गाड्या ढकलल्या. गाड्या पुढे मद्रासला गेल्या, हैदराबादला गेल्या. मी मात्र जेवायला परत कर्जतला! आता मला जायचंय आणि परत यायचं नाहीये."

मी घास खाली ठेवला.

"म्हणजे, लगेच परत यायचं नाहीये," ह्यांनी घाईघाईने दुरुस्ती केली.

*

थायलंड, व्हिएतनाम, लाओस, सात महिने, असं ठरलं आणि ते कर्जतभर झालं. जो भेटेल तो विचारी, "मुलगा तिकडे असतो का?"

"नाही, पुण्याला."

"मग मुलगी?"

"ती बदलापूरला."

"मग टूरबरोबर असेल."

"नाही हो, आमचे आम्हीच."

इथे समोरचा गप्प व्हायचा.

ह्यांची थोरली बहीण शेवंताआक्का पळसदरीला राहते. ती गप्प होणाऱ्यातली नाही. म्हणाली, "पोरगा तिकडं नाय, पोरगी तिकडं नाय, मग जाताच कशाला रं? लोक मुंबईवरनं आमचं धरण बघाया येतात, आन् तुमी चाललाव धरण सोडून!"

पण खरी गंमत पुढेच झाली. आठवडाभरात संध्याकाळी लोक आमच्या घरी यायला लागले. कुणाच्या हातात मोसंबी, कुणाच्या शहाळी, कुणाच्या चिकू. यायचे, ह्यांच्याकडे एकटक बघायचे, जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "काही लागलं तर हाक मारा."

मला वाटलं, काय माणसं आहेत! नुसतं प्रवासाला निघालोय तर एवढी माया!

शेवटी गल्लीतल्या एका बाईंनी मला दारामागे घेतलं आणि डोळे पुसत विचारलं, "डॉक्टरांनी सातच महिने सांगितलेत का हो?"

मी तशीच आत गेले. हे पलंगावर बसून चिकू सोलत होते. म्हटलं, "अहो, गावाला वाटतंय तुम्ही जाणार!"

"जाणारच आहे ना."

"तसं नाही हो! वर!"

ह्यांनी चिकूची फोड तोंडात टाकली, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "एवढ्यात कुणाला काही सांगू नकोस. सीताफळं यायला लागलीयत बाजारात."

*

बाळूशेठ आठ किलो तांदूळ घेऊन निघाले. थायलंडला! माथेरानला माती न्यावी तसं. मी म्हटलं, "शेठ, तिकडे तांदूळ मिळतो हो." म्हणाले, "मिळत असेल. पण खात्रीचा?"

चारही बॅगा त्यांनी गिरणीतल्या काट्यावर स्वतः तोलल्या. एकेक बॅग बरोबर नियमात, ग्रॅमचाही फरक नाही. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने त्यांची बॅग पट्ट्यावर ठेवली तर दोन किलो जास्त!

"परत ठेवा," बाळूशेठ म्हणाले.

परत ठेवली. तेवढंच.

"ताई, तुमचा काटा मारतोय."

"सर, मशीन सर्टिफाइड आहे."

"माझं पण सर्टिफाइड आहे! जरा काटा शून्यावर आणून दाखवा बघू. आणि त्या पट्ट्याला हात लावू नका!"

मागे रांग वाढत चाललेली. एक सुटाबुटातले गृहस्थ म्हणाले, "अंकल, जरा लवकर." वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी आम्ही बॅग उघडली, दोन किलो तांदूळ काढून चौघांच्या हातातल्या पिशव्यांत वाटून टाकला आणि पुढे गेलो.

खुर्चीवर बसल्यावर बाळूशेठ खाली मान घालून पिशवीतला तांदूळ चाचपत होते. मला वाटलं, अपमान लागला. मग हळूच मला म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षं गिऱ्हाईकं मला जे जे बोलली, ते सगळं आज मी बोलून घेतलं. फार बरं वाटलं!"

*

त्याच विमानतळावर, पुढच्या खिडकीत, आमचे हे. कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं होतं की कामाच्या रकान्यात ड्रायव्हर लिहू नका, त्यांना वाटेल तिकडे नोकरी शोधायला चाललाय. म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ते हे घरूनच ठरवून आले होते.

पासपोर्ट बघणारे साहेब मराठीच निघाले. "काय करता?"

"रिटायर्ड बँकर."

साहेब खूश झाले. "अरे वा! पोस्टिंग कुठे होतं?"

"कर्जतला."

"कर्जाला? म्हणजे लोनच्या टेबलावर!"

"टेबल कुठलं साहेब. आम्ही आपले मागे."

"हां, बॅक ऑफिस."

"एकदम मागे. पुढच्याला जोर कमी पडला की आम्ही मागून ढकलायचं."

साहेब मनापासून हसले. "खरंय! ढकलल्याशिवाय काही हलत नाही आपल्याकडे. दिवसाला किती व्हायच्या?"

"दोन-तीन वर चढवायच्या. मग रिकामं खाली."

"वर म्हणजे हेड ऑफिसला?"

"लोणावळ्याला."

साहेबांनी शिक्का उचलला. "हेड ऑफिस लोणावळ्याला? मजा होती राव तुम्हा लोकांची!" आणि धप्पकन शिक्का मारला.

जरा पुढे गेल्यावर हे मला म्हणाले, "बघितलंस? साहेबाला रेल्वेची किती बारीक माहिती होती!"

*

थायलंडमध्ये आम्ही उत्तरेकडच्या एका शहरात दोन महिने घर भाड्याने घेतलं. छोटंसं, खाली दोन खोल्या, वर दोन. रंजनावहिनींना काळजी एकच, चतुर्थीच्या उपासाला साबुदाणा कुठून आणायचा?

पहिल्या चतुर्थीला आम्ही बाजारात फिरत होतो. एका गाडीवर मोठ्या ग्लासात दुधाचा गार चहा आणि तळाला काळेभोर टपोरे गोळे. वहिनींनी विचारलं, हे काय? गाडीवालीने मोबाइलवर टाइप करून दाखवलं. भाषांतर आलं, "कंदाच्या पिठाचे मोती."

वहिनींचा चेहरा उजळला. "अगंबाई! हा तर साबुदाणाच! आणि वर दूध. म्हणजे सगळंच उपासाचं!"

एवढं बोलून त्यांनी तो मोठा ग्लास एका दमात संपवला.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, आज मंगळवार, देवीचा. मग गुरुवार आला. मग शुक्रवार. शनिवारी बाळूशेठ म्हणाले, "अगं, कर्जतला तू महिन्यात एक उपास धरतेस. इथे आठवड्यात पाच?"

वहिनींनी नळीने तळाचा शेवटचा मोती ओढला आणि म्हणाल्या, "परदेशात माणसाने धर्माला जास्त जपायला हवं!"

*

आमचं घर, कोंबड्या आणि कुंड्या शेवंताआक्काच्या ताब्यात होत्या. ती रोज व्हिडिओ कॉल करायची. आम्हाला बघण्यापेक्षा आमच्या मागे काय दिसतंय ते बघायला. पहिल्याच दिवशी ह्यांनी तिला समजावलं, "आक्का, आम्ही दीड तास पुढे आहोत. तुझ्याकडे दहा वाजले की आमच्याकडे साडेअकरा."

हे तिने नीट लक्षात ठेवलं.

एक दिवस फोन आला. पडद्यावर नुसता अंधार, आणि त्यातून आवाज. "अशोक, लाइट गेलीय रं."

"मग? तिथल्या ऑफिसला विचार ना."

"त्यांना ठावं आस्तं तं काय! तुमी दीड तास फुडं हाव ना? मंग बघ की, तवर आलेली हाय का नाय!"

ह्यांनी तिला पृथ्वी कशी फिरते, सूर्य कसा आधी उगवतो, सगळं सांगितलं. पाऊण तास लागला. तेवढ्यात फोनमध्ये एकदम उजेड झाला.

"आली बग!" आक्का म्हणाली. "तुला नुसतं हो म्हनाया काय झालं व्हतं?"

*

बाळूशेठचं पोट बिघडलं तो किस्सा चारचौघांत सांगत नाही, पण आता तुम्ही घरचेच.

मी म्हटलं, मी नर्स आहे, औषधाचं मी बघते. हे म्हणाले, "इथे इंग्रजी चालत नाही. इथल्या लोकांना हातवारेच कळतात. मी बघतो." औषधाच्या दुकानात पांढरा कोट घातलेले एक वयस्क गृहस्थ होते. ह्यांनी त्यांना नमस्कार केला आणि अभिनय सुरू केला. पोट धरलं. वाकले. दुकानात इकडून तिकडे पळाले. परत आले, घाम पुसला, परत पळाले. मग तोंडाने इतके हुबेहूब आवाज काढले की दारातलं कुत्रं उठून गेलं. पाचसहा गिऱ्हाइकं जमली. एका बाईने व्हिडिओ काढायला घेतला.

गृहस्थांनी शांतपणे शेवटपर्यंत सगळं बघितलं. मग चष्मा वर केला आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "लूज मोशन. सिन्स हाऊ मेनी डेज, सर?"

*

आता जरा गंभीर. व्हिएतनाममध्ये आमचं सगळंच मोडायची वेळ आली होती.

चार माणसं, एक स्वयंपाकघर आणि चौथा महिना. त्यात ह्यांनी भिंतीवर टाइमटेबल लावलेलं. चहा सहा वाजून दहा, आंघोळी सहा पंचवीस, आणि कुणाला उशीर झाला की समोर तांबड्या पेनाने नोंद! एके सकाळी बाळूशेठच्या नावापुढे सलग पाचवं तांबडं पडलं. शेठ उठले. बॅग भरली, बाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर जाऊन बसले.

वहिनी रडायला लागल्या. म्हणाल्या, हे गेले तर मलाही जावं लागेल. आमच्या ह्यांनी आधी टाइमटेबल फाडलं, मग बसस्टॉपवर गेले. मी मागोमाग.

"बाळू, फाडलं रे ते. चल घरी."

"टाइमटेबलचं काही नाही अशोक," शेठ म्हणाले. समोरच्या रहदारीकडे बघत होते. "इथे मला कुणी शेठ म्हणत नाही. कर्जतला स्टेशनापासून गिरणीपर्यंत चालत गेलो तर वीस जण हाक मारतात. इथे चार महिने झाले, मी नुसता बाळू झालोय. बाळू पण तूच म्हणतोस. बाकीच्यांना मी कुणीच नाही."

बाळूशेठसारखा माणूस, आणि डोळ्यांत पाणी.

मग हे उठले आणि शेजारी कॉफीची गाडी होती तिथे गेले. गाडीवालीशी बराच वेळ काहीतरी चाललं होतं, बोटं, माना, हसणं. परत येऊन शेठच्या शेजारी बसले. मिनिटभराने ती बाई ग्लास उंच धरून खच्चून ओरडली, "शेsठ! शेsठ! काफेsss!"

बाळूशेठ ताडकन उठले. चाळीस वर्षांची सवय! हात आपोआप वर गेला, मान हलली, आणि मग जे हसले ते बॅग तिथेच टाकून कॉफी प्यायला गेले. पुढे महिनाभर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन त्या गाडीवर हजर.

फक्त एक गोष्ट आम्ही त्यांना अजून सांगितलेली नाही. त्या दिवसापासून ती बाई दिसेल त्या भारतीय माणसाला शेठ म्हणते. मलासुद्धा!

*

तिथेच एकदा आम्ही समुद्राकाठच्या घाटातून आगगाडीने गेलो. चढ सुरू व्हायच्या आधीच्या स्टेशनात गाडी थांबली. हे खिडकीशी पेंगत होते. एवढ्यात मागून अगदी हलका धक्का बसला. आम्हाला तिघांना कळलाही नाही. हे मात्र खाड्कन जागे झाले.

"सुमन! बँकर लागला!"

आणि गाडीतून मागे मागे पळत सुटले. शेवटच्या डब्याच्या काचेतून इंजिन दिसत होतं. पूर्ण चढभर हे तिथेच उभे. आज घाटात ते प्रवासी होते आणि ढकलत दुसराच कोणीतरी होता. वर स्टेशनात इंजिन सोडलं तेव्हा हे खाली उतरले, ड्रायव्हरजवळ गेले. तो चाळिशीचा, ह्यांचे असायचे तसेच तेलाने काळे झालेले हात. ह्यांना त्याची भाषा येत नाही, त्याला ह्यांची नाही. दोघांनी हात मिळवले, ह्यांनी इंजिनावर दोनदा थाप मारली, त्याने दाखवलेल्या कसल्याशा दांड्याकडे बघून मान डोलावली. गाडीची शिट्टी झाली तेव्हा धावत येऊन बसले.

"काय बोललात एवढं?" मी विचारलं.

"काही नाही गं," हे म्हणाले. "त्यालाही जेवायला परत खालीच जायचंय."

*

आणि हा लाओसचा. हा मी शेवटीच सांगते, कारण ह्याच्यानंतर कुणी दुसरा ऐकत नाही.

तिथे आम्ही एका खेड्यात राहिलो. घर एका म्हातारीचं. नाव खाम, आम्ही खामआजी म्हणायचो. तिची सून नोई, ती पाहुण्यांचं बघायची, तिला इंग्रजी छान येत होतं. खामआजीला तिची भाषा सोडून एक अक्षर येत नव्हतं. दिवस लावणीचे. रंजनावहिनी आणि मी न राहवून साड्या खोचून चिखलात उतरलो, खामआजी बांधावरून आमच्या चुका दाखवत होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. शेवंताआक्का.

"काय करता गं?" तिने विचारलं. मी फोन शेताकडे फिरवला. "आगं बया! हा तं आमच्यावानीच गाळ हाय की! आन् ती कोन बांधावं?"

खामआजीने फोन हातातून घेतला. आक्काला बघून हसली, काहीतरी बोलली. आक्का तिच्या भाषेत बोलली. मग ही तिच्या भाषेत. मला वाटलं, दोन मिनिटांत कंटाळतील. आम्ही एक वाफा लावून संपवला. खामआजी फोन घेऊन गोठ्यात गेली, आक्काला म्हैस दाखवली. आक्काने कोंबड्या दाखवल्या. आम्ही हातपाय धुतले, जेवलो. पाऊण तासाने खामआजीने फोन परत आणून दिला.

मी आक्काला विचारलं, "काय बोलत होतात एवढं?"

आक्का म्हणाली, "तिची म्हस दोन वर्सं झाली, गाभन ऱ्हात नाय. आन् ती सून चिखलात पाय घालत नाय. नखांचा रंग जातो म्हनं. गरीब हाय गं म्हातारी, कुनाला सांगनार!"

आम्ही चौघं हसून हसून लोळलो. आक्काने सगळं मनानेच रचलं होतं, उघडच होतं!

संध्याकाळी जेवताना बाळूशेठना गंमत सुचली. मोडक्या इंग्रजीत ते नोईला म्हणाले, "आमच्या आक्का सांगतात, तुझी सासू म्हणाली की म्हैस दोन वर्षं गाभण राहत नाही आणि तू नखांच्या रंगापायी शेतात उतरत नाहीस!"

नोई हसली नाही. तिने आपल्या पायांच्या लालचुटूक नखांकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे वळून तिच्या भाषेत जे सुरू केलं, ते थांबेचना. आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. खामआजी डाव घेऊन बाहेर आली. आमच्याकडे एकेकाकडे बघितलं आणि डावाने माझ्या फोनकडे खूण केली. लाव!

मी लावला. पलीकडे आक्काचा चेहरा आला. खामआजी दात-ओठ खात मिनिटभर तिच्या भाषेत बोलत होती. आक्का मन लावून ऐकत होती. मग तिने दोन्ही हात छातीवर ठेवले आणि म्हणाली,

"नाय गं बाय! शप्पत सांगते, माझ्या तोंडातून नाय गेलं! ह्या बाळ्यानं फोडलं!"